न्यायकथेतील मूल

शहाण्या न्यायाधीशाची आणि दोन आयांची गोष्ट बालपणी ऐकली नाही असा वाचक विरळा. कोणी ती शाळेच्या पुस्तकात वाचली असेल, कोणी आजीच्या तोंडून बिरबलाच्या नावावर ऐकली असेल. एका मुलावर दोन बायका हक्क सांगतात. न्यायाधीश एक युक्ती योजतो. खरी आई मुलाला इजा होऊ नये म्हणून आपला हक्क सोडते, आणि त्या सोडण्यावरूनच ती खरी ठरते. बायबलातील सॉलोमन राजा त्यासाठी तलवार मागवितो. पाली जातकातील महोसध, जो स्वतःच त्या वेळी बालवयाचा आहे, जमिनीवर एक रेघ ओढतो, तिच्यावर मुलाला निजवितो आणि यक्षिणीला हात व आईला पाय धरून ओढावयास सांगतो. चीन देशातील युआन राजवटीच्या काळच्या एका नाटकात रेघेच्या जागी खडूचे वर्तुळ येते. साधन बदलले, कथा तीच राहिली. इतकी शतके इतक्या देशांतील माणसांनी ती एकमेकांस सांगितली, त्या अर्थी मनाला निवविणारे असे तिच्यात काहीतरी आहे हे उघड आहे.

ह्या कथेविषयी आमची मात्र एक तक्रार आहे. मध्यंतरी एका नातलगांच्या कामानिमित्त कुटुंब न्यायालयाच्या व्हरांड्यात काही दिवस बसून राहण्याचा प्रसंग आम्हांवर आला, तेव्हापासून ती मनात घोळत आहे. सॉलोमनच्या दरबारात उभ्या असलेल्या दोघींपैकी एक खोटी असते. महोसधापुढे तर ती बाई नसून यक्षिणीच असते. खोटीला उघडे पाडले की खटला संपला. कुटुंब न्यायालयात येणारी आई खरी असते आणि बापही खराच असतो. मुलाच्या तापात दोघांनीही रात्री जागून काढलेल्या असतात. मुलाने टाकलेले पहिले पाऊल दोघांच्याही मोबाइलमध्ये साठविलेले असते. आणि हे दोन खरे पालक एकाच बाकाच्या दोन टोकांस, एकमेकांकडे पाठ करून, आपापल्या वकिलाची वाट पाहत बसलेले असतात. तेथे वर्तुळ आखून कोणाचे सोंग उघडे पाडावयाचे?

वर्तुळाच्या कथेला अलीकडच्या काळात सर्वांत मोठी कलाटणी दिली ती बेर्टोल्ट ब्रेख्टने. 'कॉकेशियन चॉक सर्कल' हे नाटक त्याने १९४४ साली अमेरिकेत परागंदा असताना लिहिले. चिं. त्र्यं. खानोलकरांनी ते 'अजब न्याय वर्तुळाचा' ह्या नावाने मराठीत आणले आणि विजया मेहता यांनी ते रंगभूमीवर उभे केले, त्यामुळे आमच्या पुष्कळ वाचकांस त्याचा परिचय असेलच. बंडाळीत राज्यपालाची बायको आपली उंची वस्त्रे गोळा करण्याच्या धांदलीत तान्हे मूल मागे टाकून पळते; ग्रुशा नावाची मोलकरीण ते उचलते, डोंगर ओलांडते, त्याला बापाचे नाव मिळावे म्हणून मरणासन्न समजल्या गेलेल्या एका शेतकऱ्याशी लग्नही लावून घेते. पुढे शांतता होताच जन्मदाती मूल मागावयास येते. तिच्या वकिलाच्या तोंडून निसटून जाते की नवऱ्याची सारी मालमत्ता ह्या वारसाला चिकटलेली आहे. अझडक नावाचा दारुडा आणि लाचखाऊ न्यायाधीश वर्तुळ आखतो, दोनदा परीक्षा घेतो, ग्रुशा दोन्ही वेळां हात सोडते, आणि मूल तिचे ठरते. रक्ताच्या हक्कापेक्षा कष्टाचा हक्क मोठा, असे ब्रेख्टला म्हणावयाचे आहे, आणि ते त्याने ज्या ताकदीने म्हटले आहे तिला आमचा नमस्कार आहे. (जाता जाता हा अझडक एका म्हाताऱ्या जोडप्याच्या काडीमोडाच्या अर्जावर चुकून ग्रुशाचाच काडीमोड करून टाकतो. एकाच बैठकीत ताबा आणि घटस्फोट दोन्ही निकालात! तारखांमागून तारखा घेणाऱ्या आमच्या पक्षकारांस त्याचा हेवाच वाटेल.)

परंतु नाटक पुन्हा वाचताना ध्यानात येते, की ब्रेख्टने आई बदलली तरी कथेचा पाया बदलला नाही. वर्तुळाची परीक्षा यशस्वी व्हावी म्हणून त्याला जन्मदाती पुरती वाईट रंगवावी लागली. त्या बाईने नाटकात एखादी रात्र जरी मुलाच्या आठवणीत जागून काढली असती, एकदा जरी त्याचा अंगरखा उराशी धरला असता, तरी अझडकचा खडू त्याच्या हातातच थबकला असता. एवढा थोर नाटककार ह्या प्रसंगाला सामोरा गेला नाही. सॉलोमनही गेला नव्हता.

कथा आणि व्यवहार यांतील दुसरे अंतर अधिक गंभीर आहे. कथेत जी सोडते तिला मूल मिळते. व्यवहारात जी सोडते तिचे मूल जाते. कायद्याचे शब्द चांगले आहेत. १८९० चा पालक व पाल्य कायदा असो की १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा असो, न्यायाधीशाने मुलाचे कल्याण पाहावे अशीच त्यांची आज्ञा आहे. आणि मुले म्हणजे आईबापांच्या मालकीची वस्तू किंवा खेळणे नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ सालीच सांगून ठेवले आहे. पण कल्याण पाहावयास वेळ लागतो. दरम्यान मूल ज्याच्या घरी असते तेथल्या शाळेत रुळते, तेथे त्याला मित्र मिळतात, आणि दोन वर्षांनी निकालाची वेळ येते तेव्हा ते रोप उपटून दुसरीकडे लावावे असे कोणत्याही समंजस न्यायाधीशास वाटत नाही. त्यात त्याची चूकही नाही. परंतु 'तूर्त राहू दे त्याच्याकडे, ओढाताण नको' असे म्हणून जिने हात सैल केला, तिला आपल्या समजूतदारपणाची किंमत तेव्हा कळते. म्हणून वकील पहिल्याच भेटीत सांगतो, 'आत्ता सोडू नका.' त्याचा सल्ला व्यवहाराला धरूनच असतो. अशा रीतीने, वर्तुळाच्या गोष्टीने जे शिकविले त्याच्या नेमके उलट शिकूनच प्रत्येक पालक न्यायालयाची पायरी चढतो.

हे सर्व ज्याने वाङ्मयात प्रथम ओळखले तो लेखक, आमच्या मते, हेन्री जेम्स होय. त्याची 'व्हॉट मेझी न्यू' ही कादंबरी १८९७ साली प्रसिद्ध झाली. तिचा आरंभच घटस्फोटाच्या निकालापासून होतो. न्यायालय मुलगी बापाला देते. परंतु आईने मुलीच्या खर्चासाठी त्याच्यापाशी दिलेले सव्वीसशे पौंड त्याला परत करता येत नाहीत, तेव्हा तडजोड निघते की मेझीने सहा महिने आईकडे आणि सहा महिने बापाकडे राहावे. तलवारीने होणारी वाटणी येथे पंचांगाने झाली, हे जेम्सच्या नजरेतून सुटलेले नाही. सॉलोमनची आठवण तो स्वतःच काढतो. पुढे ही सहा वर्षांची पोर दोन घरांतील निरोप पोहोचविणारी बनते. आई म्हणते, बापाला जाऊन अमुक सांग. बाप म्हणतो, आईला तमुक सांग. आणि दोन्ही निरोप विषारी. काही दिवसांनी मेझीला एक युक्ती सुचते. ती मठ्ठ असल्याचे सोंग घेते. निरोप विसरते, विचारलेले समजत नाही असे दाखविते. मोठ्यांना वाटते पोर मंद आहे. वाचकाला कळते की त्या सगळ्यांत शहाणी तीच आहे. जेम्सची वाक्यरचना वाचकाचा अंत पाहते, आणि कादंबरीचा उत्तरार्ध सावत्र आईबापांच्या घोळात जरा लांबला आहे हेही आम्ही मान्य करतो. पण मुलाच्या मौनाचा असा अभ्यास दुसरीकडे आमच्या वाचनात नाही.

मेझीचा भाऊ शोभावा असा एक मुलगा आम्ही त्या व्हरांड्यात पाहिला. आठ-नऊ वर्षांचा असेल. त्याच्या एका बाजूस वडिलांची आई आणि दुसऱ्या बाजूस आईची आई बसली होती. दोघींनीही त्याच्यासाठी डबा आणला होता. दुपारी दोन्ही डबे एकदमच उघडले गेले. मुलाने ह्या डब्यातला एक घास घेतला, मग त्या डब्यातला एक घेतला, आणि असे आळीपाळीने मोजून खाल्ले. शेवटी दोन्ही डब्यांत सारखेच उरले आहे ना, हे वाकून पाहिले आणि दोन्ही झाकणे स्वतःच्या हातांनी लावली. कोणी त्याला तसे करावयास सांगितले नव्हते. आम्ही दोन दिवस आमच्या कामाचे कागद चाळत होतो, पण मन त्या झाकणांपाशीच होते. खाली न्यायालयात आणि वर समुपदेशकांच्या खोलीत ज्या मध्यस्थीसाठी मोठी माणसे पगार घेतात, ती हा पोरगा जेवणाच्या सुट्टीत एकटा करीत होता.

मुलाला बोलते करण्याचा प्रश्न चित्रपटांनीही हाताळला आहे. 'क्रेमर व्हर्सेस क्रेमर' (१९७९) ह्या अमेरिकन चित्रपटात न्यायालय मूल आईला देते. बापाने अपील करावयाचे तर मुलाला साक्षीच्या पिंजऱ्यात उभे करावे लागेल असे वकील सांगतो, आणि बाप तेथेच थांबतो. मुलाला न्यावयास आलेल्या दिवशी आईही थांबते. चित्रपट गोड आहे, आणि शेवटी दोघांनीही हात सोडल्यामुळे तो अझडकच्या परीक्षेच्या पलीकडे जातो. फक्त इतकी जखम होईपर्यंत त्या दोघांना एका खोलीत बसवून बोलावयास लावणारा कोणीच का नव्हता, हा प्रश्न त्याच्या मनात येत नाही. इराणी दिग्दर्शक असगर फरहादी यांचा 'अ सेपरेशन' (२०११) अधिक कठोर आहे. त्याच्या पहिल्याच दृश्यात नवराबायको थेट आपल्याकडे पाहून भांडतात. न्यायाधीश दिसत नाही, कारण त्याच्या खुर्चीत प्रेक्षकाला बसविले आहे. तेरमे ही अकरा वर्षांची मुलगी मध्यंतरी बापाला वाचविण्यासाठी न्यायाधीशापुढे खोटे बोलते. शेवटी तिला विचारले जाते, कोणाकडे राहणार? ती म्हणते, माझे ठरले आहे. पण आईबाबांना बाहेर पाठवा. आईबाप बोळात काचेच्या दाराच्या दोन बाजूंना बसून राहतात आणि चित्रपट संपतो. उत्तर आपल्याला कळत नाही. काही प्रेक्षक ह्या शेवटावर रागावतात. आम्हांस तो फार सभ्य वाटतो. त्या मुलीने आईबापांना बाहेर घालविले आणि दिग्दर्शकाने आपल्याला.

मुलाला विचारूच नये, असे मात्र कोणी समजू नये. १८९० चा कायदाच म्हणतो की समज आलेल्या मुलाची आवड न्यायालयाने विचारात घ्यावी. जे. कृष्णमूर्ती आणि त्यांचे बंधू यांच्या ताब्यासाठी त्यांच्या वडिलांनी ॲनी बेझंट यांच्यावर लावलेला खटला सुप्रसिद्ध आहे. मद्रासच्या न्यायालयाने १९१३ साली मुले वडिलांना परत द्यावीत असे ठरविले. १९१४ साली प्रिव्ही कौन्सिलने तो हुकूम रद्द केला, आणि समजत्या वयाच्या मुलांची इच्छा जाणून न घेताच हुकूम झाला हा त्यात एक महत्त्वाचा आक्षेप होता. ज्या बाईंची स्वतःची लहान मुलगी न्यायालयाने १८७८ साली त्यांच्या मतांपायी काढून घेतली होती, त्याच बाई छत्तीस वर्षांनी दुसऱ्याच्या मुलांसाठी लढून जिंकल्या. ह्यावर कादंबरी कशी कोणी लिहिली नाही याचे आम्हांस नवल वाटते. मुलाला विचारावयाचे ते कोणी, कोठे आणि कोणत्या शब्दांत, एवढाच काय तो वाद आहे. आणि येथेच आमचा मूळ विषय सुरू होतो.

आपल्या देशात कुटुंब न्यायालयाचा कायदा १९८४ साली झाला, आणि महाराष्ट्रात पुणे व मुंबई येथे १९८९ साली अशी न्यायालये सुरू झाली. ह्या कायद्याचा नववा कलम न्यायाधीशावर आधी समेटाचा प्रयत्न करण्याचे कर्तव्य टाकतो. न्यायाधीश निवडतानाही मुलांच्या कल्याणाची तळमळ आणि समेट घडविण्याचा अनुभव पाहावा, असे कायदा सांगतो. त्याच्या दिमतीला समुपदेशक असतात. वर्तुळ आखणारा अझडक वाङ्मयात अमर झाला. ह्या समुपदेशकांवर मात्र, आमच्या माहितीत, कोणी नाटक लिहिलेले नाही. कारण समजण्यासारखे आहे. नाटकाला निकाल लागतो, आणि ह्यांचे काम साधले तर निकाल लागतच नाही. चौघेजण एका टेबलापाशी बसून सुट्ट्यांचे कोष्टक करीत आहेत, ह्यात टाळ्या कोठे घ्यावयाच्या?

तरीही त्या कामात किती नाट्य आहे, हे आम्हांस एका निवृत्त समुपदेशक बाईंनी सांगितले. अशा कामाचे पथक त्यांनी पुष्कळ वर्षे चालविले. त्यांचा पहिला नियम असा, की खोलीत 'ताबा' हा शब्द कोणी उच्चारावयाचा नाही. 'ताबा घराचा असतो, जमिनीचा असतो,' असे त्या म्हणत. त्याऐवजी त्या विचारीत: मंगळवारी सकाळी डबा कोण भरते? दंतवैद्याकडे कोण नेते? परीक्षेच्या आदल्या रात्री मूल कोणाजवळ झोपते? मोठ्या प्रश्नावर जे दोघे वर्षभर भांडले ते ह्या बारीक प्रश्नांना नकळत खरी उत्तरे देत, आणि त्या उत्तरांतून आठवड्याचे वेळापत्रक आपोआप आकार घेई. एकदा त्यांच्या पथकातल्या एका होतकरू तरुणाने आईबापांस मुलाच्या बुटाचे माप विचारले. आईला ते सांगता आले, बापाला आले नाही. तरुणाने टिपणात लिहिले की बाप बेफिकीर आहे. बाईंनी ते टिपण फाडले. बुटाचे माप विचारावे, पण पुढच्या वेळी बूट कोणी आणावयाचे हे ठरविण्यासाठी. कोण नापास झाला हे लिहिण्यासाठी विचारले तर तेही खडूचे वर्तुळच, असे त्यांनी त्याला सुनाविले. बाईंनी ब्रेख्ट पाहिला होता की काय, हे विचारावयाचे आमच्याकडून राहून गेले.

पथकाच्या प्रमुखाचे काम मुख्यतः असे, पक्षकारांपेक्षा आपल्याच माणसांवर लक्ष ठेवण्याचे असते. कोणत्या समुपदेशकाला कोणते प्रकरण द्यावे. ज्याचे मन एका बाजूस झुकू लागले आहे त्याच्याकडून ते केव्हा काढून घ्यावे. आईबापांशी बोलणारा आणि मुलाशी बोलणारा हे दोघे निरनिराळे असावेत की नाही. शेवटी ज्या संमतीच्या अटी लिहिल्या जातात, ज्यांस न्यायालयात सारे 'कन्सेंट टर्म्स' म्हणतात, त्यांतील शब्दन् शब्द त्यांना वाचावा लागतो. 'सोयीप्रमाणे भेट' असे लिहिले की सहा महिन्यांत नवा अर्ज आलाच. 'शनिवारी सकाळी दहा ते रविवारी संध्याकाळी सहा, दिवाळीच्या सुट्टीचा पहिला अर्धा भाग' असे लिहिले की भांडणाला फट उरत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे कलम ते, ज्यायोगे आज हात सैल करणाऱ्याचे उद्या नुकसान होणार नाही. तीन महिने मूल बापाकडे राहिले एवढ्यावरून आईचा हक्क कमी झाला असे कोणी समजू नये, हे कागदावर आधी आले, की मग हात सुटू लागतात. खरी आई कोण हे शोधून काढण्याची अक्कल त्या खोलीत कोणी मिरवीत नाही. सोडणे सुरक्षित करावे, एवढीच तिची धडपड असते.

गंमत अशी की ब्रेख्टला ही खोली ठाऊक होती. त्याच्या नाटकाला एक पूर्वरंग आहे. अनेक प्रयोगांत तो गाळला जातो. युद्धानंतर एका दरीवर दोन सामुदायिक शेतांचे लोक हक्क सांगतात: एक शेळ्या पाळणारे, पूर्वीचे रहिवासी, दुसरे फळबागा लावणारे, कालव्याचा आराखडा घेऊन आलेले. राजधानीहून एक अधिकारी आलेला आहे, पण तो निकाल देत नाही. दोन्ही बाजू बोलतात, चेष्टा करतात, चीज खातात, आराखडा पाहतात, आणि शेळ्यावाले दरी सोडतात. मग सगळे मिळून वर्तुळाचे नाटक पाहावयास बसतात. टीकाकारांनी ह्या पूर्वरंगाला प्रचार म्हटले, आणि इतकी मोठी दरी इतक्या सहज सुटते हे आम्हांसही पटत नाही. तथापि वर्तुळाच्या परीक्षेचा गौरव करण्यास निघालेल्या नाटककाराने तिच्या आधी, परीक्षेवाचून मिटलेला एक तंटा ठेवावा, हे आम्हांस अर्थपूर्ण वाटते. पूर्वरंग गाळणाऱ्यांनी नाटक आटोपशीर केले खरे. पण त्यातला अधिक प्रौढ न्याय त्यांनी कापून टाकला.

आता एक सावधगिरी. समेट हा शब्द आपल्या समाजात फार लवकर बाईच्या गळ्यात पडतो. ज्या घरात मारहाण आहे, तेथल्या नवराबायकोस समोरासमोर बसवून 'मुलासाठी जुळवून घ्या' म्हणणे हा मध्यस्थीचा विपर्यास होय. अशा वेळी दोघांना निराळ्या दिवशी, निराळ्या दारांनी बोलवावे लागते, आणि पुष्कळदा प्रकरण सरळ न्यायाधीशाकडे परत पाठवावे लागते. हे ओळखणे पथकाच्या प्रमुखाचेच काम. एक जण भीतीने हात सोडीत असेल तर त्याला समजूतदारपणा म्हणू नये, हे ग्रुशाच्या कथेवर डोळे पुसणाऱ्या आमच्यासारख्यांनीही ध्यानात ठेवावे.

ज्या प्रश्नावर आमचे मन अद्याप स्थिर होत नाही तो असा. मुलाने समुपदेशकाला विश्वासाने जे सांगितले त्याचे पुढे काय व्हावे? मध्यस्थीत बोललेले गुप्त राहावे, हा तिचा प्राण आहे. त्यावाचून कोणी तोंडच उघडणार नाही. परंतु २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले, की मुलाच्या ताब्याच्या प्रकरणात समुपदेशकाच्या अहवालाला हा गुप्ततेचा नियम आड येत नाही. कारण मूल हे पक्षकार नाही, आणि त्याच्या हिताची राखण करणाऱ्या न्यायालयास त्याचे मन कळलेच पाहिजे. अमेरिकेत कॅलिफोर्निया संस्थानाने १९८१ पासून ताब्याच्या वादात मध्यस्थी सक्तीची केली, आणि तेथेही हाच पेच पडला: काही जिल्ह्यांत मध्यस्थ न्यायाधीशाला शिफारस करतो, काहींत त्याने तोंड मिटून ठेवावयाचे असते.

न्यायालयाच्या निकालातील तर्क आम्हांस मान्य आहे. न्यायाधीशाने आंधळेपणाने मूल कोणाच्या हवाली करावे काय? पण आम्हांस मेझी आठवते. आपण बोललेले दुसऱ्या घरी पोहोचते हे कळताच तिने बोलणे बंद केले होते. एखाद्या मुलाने म्हणावे, 'बाबांकडे मला रात्री भीती वाटते,' आणि ते वाक्य महिन्याने बाबांच्या वकिलाच्या हाती टाइप केलेले पडावे. त्यानंतरच्या शनिवारी ते मूल बाबांच्या दारात कसे उभे राहील? ह्याला आमच्या मते एकच मार्ग आहे, आणि तो पथक चालविणाऱ्याच्याच हातचा आहे. जो मध्यस्थी करतो त्याने अहवाल लिहू नये. अहवाल लिहिणारा निराळा असावा, आणि त्याने मुलाला, ते तोंड उघडण्यापूर्वीच, त्याच्या वयाला समजेल अशा शब्दांत सांगावे की तू जे सांगशील ते मी न्यायाधीशांना सांगणार आहे. माणसे कमी आहेत, प्रकरणे फार आहेत, हे उत्तर आम्हांस ठाऊक आहे. तरीही तेरमेने आईबापांना बाहेर घालविले तेव्हा खोलीत कोण राहिले आहे हे तिला दिसत होते. आपल्या मुलांना तेवढे तरी दिसावे.

ह्या विषयावर बाईंशी बोलणे झाले तेव्हा त्या बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी, नावगाव काही न सांगता, एका जुन्या प्रकरणाची हकीकत सांगितली. शाळा ठरली, सुट्ट्या ठरल्या, खर्च ठरला. सगळे अडले ते एका सायकलीवर. ती बापाने घेतलेली होती, म्हणून ती बापाच्या घरी राहावी असे बाप म्हणे; मूल आईच्या घराजवळच्या मैदानात खेळते, म्हणून ती तेथे असावी असे आई म्हणे. तीन बैठका सायकलीवर गेल्या. दोन सायकली घ्याव्यात, एक आजोळी ठेवावी, आठवड्याने न्यावी-आणावी, सर्व सूचना झाल्या आणि मोडल्या. चौथ्या बैठकीस बाईंनी मुलालाच पाच मिनिटे आत बोलावले, आणि त्याच्याशी क्रिकेटविषयी बोलल्या. जाता जाता तोच म्हणाला, की ती सायकल आता त्याला लहान होते.